लागेचं आकाश, १९९५: मिग-२९ आणि एफ-१६ समोरासमोर

३ ऑक्टोबर १९९० रोजी दोन जर्मनी एक झाले आणि पश्चिम जर्मन हवाई दलाच्या पदरात पूर्व जर्मनीची २४ मिग-२९ विमानं पडली. वीस एक आसनी, चार दोन आसनी, आणि सगळी जवळपास कोरी करकरीत. सोव्हिएत संघाकडून ती येऊ लागली होती १९८८ मध्ये. पूर्व जर्मनीची बाकीची लढाऊ विमानं, म्हणजे मिग-२१, मिग-२३ आणि सुखोई-२२, लवकरच मोडीत किंवा संग्रहालयात गेली. मिग-२९ मात्र ठेवून घ्यायचं ठरलं. तोवर नाटोकडे या विमानाबद्दल काय होतं? उपग्रहांची छायाचित्रं, गुप्तचरांचे अंदाज आणि १९८८ च्या फार्नबरो प्रदर्शनात अनातोली क्वोचुर यांनी केलेल्या कसरतींचं चित्रीकरण. आता तेच विमान नाटोच्या तळावर, नाटोच्या खुणा लावून उभं होतं.

जवळच्या हवाई लढाईत रशियन विमान सरस की पाश्चात्त्य, हा वाद बहुतेक वेळा आकड्यांवर चालतो. थ्रस्ट (इंजिनाचा जोर) किती, जी (वळताना शरीर किती पट जड होतं) किती, अमुक उंचीवर टर्न रेट (सेकंदाला किती अंश वळतं) किती. जर्मन मिगचं प्रकरण मला इतकं मोलाचं वाटतं ते याचसाठी की इथे ही तुलना कागदावर झाली नाही. कसलेल्या वैमानिकांनी ती जर्मनीतल्या लागे तळावरून उडून, आकाशात, पुन्हा पुन्हा, नोंदी ठेवून केली. त्यातून जे उत्तर निघालं ते दोन्ही बाजूंच्या चाहत्यांना पूर्णपणे सोयीचं नाही.

दोन विमानं, दोन विचार

अमेरिकेच्या एफ-१६ चं पहिलं उड्डाण १९७४ चं, मिग-२९ चं १९७७ चं. एका पिढीची, पण वेगळ्या घरची.

एफ-१६ लहान, एका इंजिनाचं. वैमानिकाची खुर्ची ३० अंश मागे कललेली, म्हणजे ९ जी सोसताना मेंदूतलं रक्त पायांकडे उतरायला थोडा अडथळा. डोक्यावरची काच एकसंध. पुढे आडवी येणारी चौकट नाही आणि मान वळवली की शेपटीपर्यंत दिसतं. नियंत्रण संगणकाच्या हाती. वैमानिक स्टिक (विमान वळवायचा दांडा) कितीही जोरात ओढो, विमान स्वतःच्या मर्यादेबाहेर जात नाही. लढताना लागणारी बहुतेक बटणं थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा) आणि स्टिकवरच, त्यामुळे नजर आत न्यावी लागत नाही.

मिग-२९ मोठं, आरडी-३३ जातीच्या दोन इंजिनांचं. साध्यासुध्या धावपट्टीवरूनही उडता यावं म्हणून त्याच्यात एक सुरेख सोय आहे: जमिनीवर धावताना पुढची हवा घेणारी तोंडं झडपांनी बंद होतात आणि पंखांच्या मुळाशी, वरच्या बाजूला असलेल्या फटींतून इंजिन श्वास घेतं, म्हणजे खडे आत जात नाहीत. नियंत्रण यांत्रिक. पंख हवेशी फार मोठा कोन करू लागले की स्टिक मागे ओढायला विरोध करते, पण वैमानिकाने जोर लावला तर मान तुकवते. ही सूट अनुभवी माणसाच्या हातात वरदान आहे. आत बसल्यावर मात्र वैमानिक खोल जागी असतो, मागचं फारसं दिसत नाही, पॅनेलवर डायल आणि स्विचांची दाटी आणि रडारचं चित्र वाचायला अवघड. सोव्हिएत पद्धतीत जमिनीवरचा नियंत्रक वैमानिकाला शत्रूपर्यंत बोट धरून न्यायचा, त्यामुळे ही उणीव त्यांना तितकी बोचली नसावी.

नाटोत आल्यावर ती बोचली. पूर्व जर्मनीच्या ज्या वैमानिकांना पुढे ठेवलं गेलं, त्यांना स्वतःच निर्णय घेत लढायची पद्धत आणि इंग्रजी रेडिओ संभाषण शिकावं लागलं. पश्चिमेकडून, एफ-४ फॅन्टम विमानांवरून आलेल्यांना मिग शिकावं लागलं. प्रेशेनचा जुना तळ सोडून विमानं रोस्टॉकजवळच्या लागे या तळावर आली आणि तिथल्या ७३ क्रमांकाच्या लढाऊ दलात मिग-२९ आणि एफ-४ फॅन्टम शेजारी शेजारी नांदू लागली. सार्डिनिया बेटावरच्या देचिमोमान्नू तळाच्या सराव क्षेत्रात नाटोची इतर दलं त्यांच्याशी लढायला येऊ लागली. आणि १९९५ मध्ये इटलीतल्या आव्हियानो तळावरून अमेरिकेची ५१० क्रमांकाची फायटर स्क्वाड्रन आपली एफ-१६सी विमानं घेऊन थेट लागेला आली.

मर्जनंतरची पंधरा-वीस सेकंदं

जवळच्या लढाईचा सराव बहुधा असा सुरू होतो: दोन विमानं समोरासमोर येतात आणि एकमेकांना ओलांडतात. या क्षणाला मर्ज म्हणतात. दोघंही ४५० नॉटने (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) येत असतील तर जवळ येण्याचा एकत्रित वेग ताशी सुमारे १६५० किलोमीटर होतो, म्हणजे सेकंदाला साडेचारशे मीटरहून जास्त. ओलांडल्याबरोबर प्रत्येकाला ठरवायचं असतं की वळायचं कुठे.

दोघं विरुद्ध दिशांना वळले तर दोन वेगळी वर्तुळं तयार होतात आणि जो सेकंदाला जास्त अंश वळेल तो आधी दुसऱ्याच्या मागे पोचतो. हा टर्न रेटचा खेळ, आणि त्यासाठी वेग टिकवावा लागतो. दोघं एकाच बाजूला वळले तर वर्तुळ जणू एकच असतं आणि ज्याचं वळण आखूड, ज्याचं नाक आधी आत येतं, त्याची सरशी. यात वेग भराभर उतरतो.

एफ-१६ ला पहिला खेळ हवा असतो. चारशे नॉटच्या आसपास, ९ जीपर्यंत, हे विमान आपल्या घरात असतं. मिगला दुसरा खेळ हवा असतो. लागेला आलेल्या अमेरिकी वैमानिकांनी मोकळेपणाने मान्य केलं की दोनशे नॉटच्या खाली मिग-२९ आपलं नाक ज्या सहजतेने हवं तिकडे फिरवतं, ते एफ-१६ ला जमत नाही. त्यांनी त्याची तुलना एफ-१८ हॉर्नेटशी केली. हॉर्नेटही मंद वेगात नाक सुंदर फिरवतं, पण त्यानंतर गमावलेली ऊर्जा परत मिळवायला त्याला खाली जावं लागतं आणि तेवढ्यात एफ-१६ वरून झडप घालतं. मिगची दोन इंजिनं त्याला तुलनेने लवकर पुन्हा वेगात आणतात, म्हणून तिथे ही संधी नीट मिळत नाही. दोनशेच्या वर वेग ठेवला तर मात्र पारडं एफ-१६ कडे झुकू लागतं.

इथपर्यंत ही दोन चांगल्या विमानांची बरोबरीची कुस्ती होती. एकाची पकड एका वेगात, दुसऱ्याची दुसऱ्या. खरा फरक पडला तो वैमानिकाच्या डोक्यावरच्या वस्तूने.

मिगच्या वैमानिकाकडे श्चेल-३यूएम ही हेल्मेट साइट होती. दिसायला अगदी साधी. उजव्या डोळ्यासमोर एक छोटं काचेचं भिंग आणि त्यात प्रकाशाचं वर्तुळ. वेग, उंची असं दुसरं काहीही नाही. हेल्मेटमधून निघणारे अवरक्त किरण समोरच्या पॅनेलवरचे सेन्सर टिपतात आणि डोकं कुठे वळलं आहे ते यंत्रणेला सांगतात. वैमानिकाने ते वर्तुळ शत्रूवर धरलं की आर-७३ क्षेपणास्त्राचा डोळा त्याच दिशेला वळतो. हे क्षेपणास्त्र १०५ किलोचं. विमानाच्या नाकापासून ४५ अंश बाजूला असलेलं लक्ष्यही ते पकडतं, आणि सुटल्यावर रॉकेटचा झोतच वळवून जागच्या जागी झपकन वळतं. त्या वेळच्या एफ-१६ वरचं साइडविंडर क्षेपणास्त्र, एआयएम-९एम, भरवशाचं होतं, पण त्यासाठी वैमानिकाला विमानाचं नाक बरंचसं शत्रूकडे आणावं लागे.

४५ अंशांचा अर्थ सेकंदांत मोजून पाहा. विमान सेकंदाला २० अंश वळत असेल तर ४५ अंश वळायला सव्वादोन सेकंद लागतात. लढाई मंदावून वळण्याचा वेग १० अंशांवर आला की तेच साडेचार सेकंद होतात. म्हणजे हेल्मेट असलेला वैमानिक वळण पूर्ण व्हायच्या इतका आधी क्षेपणास्त्र सोडू शकतो. समान तोलाच्या दोन वैमानिकांच्या लढाईत निकाल एखाद-दुसऱ्या सेकंदावर लागतो. तिथे साडेचार सेकंद ही प्रचंड आघाडी आहे. आणि लक्षात घ्या, लढाई जितकी हळू होईल तितकी ही आघाडी वाढते. मिगला सोयीचा वेग आणि त्याच्या शस्त्राला सोयीचा वेग एकच आहे. माझ्या मते सोव्हिएत अभियंत्यांचं खरं यश या मेळात आहे. विमान, शिरस्त्राण आणि क्षेपणास्त्र एकत्र विचार करून बनवलेलं दिसतं.

कल्पना एकट्या रशियाची होती असं मात्र नाही. अमेरिकी नौदलाने १९७० च्या दशकात आपल्या फॅन्टम विमानांवर हेल्मेट साइट बसवली होती आणि दक्षिण आफ्रिकेने आपल्या मिराज विमानांवर. अमेरिकेने ती पुढे सोडून दिली. नजर जिथे पोचे तिथे त्या काळचं क्षेपणास्त्र पोचत नव्हतं, मग नुसत्या नजरेचा उपयोग मर्यादित.

अमेरिकनांना जे वेगळं दिसलं

आर-७३ चा इतका दबदबा होता की लागेला येण्यापूर्वी काही अमेरिकी वैमानिकांना वाटत होतं, मर्ज झाला की आपलं संपलं. प्रत्यक्षात तसं झालं नाही, आणि प्रकरणाचा हा भाग फार कमी सांगितला जातो.

हेल्मेट साइट वापरायची म्हणजे ७ जीच्या वळणात मान वळवून, स्थिर ठेवून ते वर्तुळ शत्रूवर धरायचं. ७ जीमध्ये डोकं आणि त्यावरचं हेल्मेट सातपट जड झालेलं असतं. त्यात मिगच्या कॉकपिटमधून मागे आणि खाली नीट दिसत नाही, आणि एफ-१६ लहान. काही सेकंद जरी नजरेआड झालं तरी पुन्हा सापडायला अवघड. जे दिसत नाही त्यावर वर्तुळ कसं धरणार? अमेरिकी वैमानिक हे लवकर शिकले. त्या ४५ अंशांच्या शंकूत रेंगाळायचं नाही, वेग सोडायचा नाही, लढाई वर-खाली न्यायची आणि मिगला हव्या त्या मंद कुस्तीत उतरायचं नाही. एफ-१६ ची चांगली नजर आणि हाताशी असलेली बटणं यांचा फायदा इथे मिळत होता.

इंधनाचंही बघायला हवं. दोन्ही विमानांच्या पोटात साधारण तीन-साडेतीन टन इंधन मावतं, पण मिगला त्यावर दोन इंजिनं पोसायची असतात. आफ्टरबर्नर (जादा इंधन जाळून इंजिनाचा जोर वाढवणारी सोय) लावून लढलं तर त्याचं घड्याळ भराभर धावतं. पोटाखाली जादा टाकी लावली तर पुन्हा वेगावर आणि वळण्यावर बंधनं येतात आणि त्या आवृत्तीत टाकी असताना ३० मिलिमीटरची तोफही चालवता येत नव्हती. तोफ स्वतः उत्तम होती, लेझरने अंतर मोजून अचूक मारणारी, गोळे फक्त १५०.

आता तुलना किती निर्मळ होती याबद्दल दोन शब्द. आव्हियानोची एफ-१६ ब्लॉक ४० जातीची होती, जमिनीवर रात्री हल्ला करण्यासाठी वजनदार केलेली. आधीची हलकी एफ-१६ए वळणात हिच्यापेक्षा चपळ. उलट जर्मनांनी इंजिनाचं आयुष्य वाढावं म्हणून आपल्या मिगच्या इंजिनांची ताकद काहीशी कमी करून ठेवली होती. म्हणजे दोघंही आपल्या सर्वोत्तम रूपात नव्हते. म्हणूनच ‘इतके विरुद्ध इतके’ असा गुणफलक या प्रकरणातून काढू नये असं मला ठामपणे वाटतं. २०१५ मध्ये ब्रिटनमध्ये झालेल्या इंद्रधनुष सरावात आपल्या सुखोई-३० ने ब्रिटिश टायफून विमानांवर १२-० अशी मात केल्याचं भारतीय माध्यमांत गाजलं आणि ब्रिटिशांनी ते नाकारलं. नियम काय होते, कुठून सुरुवात झाली, कोणतं क्षेपणास्त्र गृहीत धरलं होतं, हे कळल्याशिवाय अशा आकड्याला काहीच वजन नाही.

लागेत एक गोष्ट मात्र वादातीत ठरली. लढाई दहा-पंधरा किलोमीटरच्या आत आली की मिग-२९ अत्यंत धोकादायक, आणि ती आत यायच्या आधी मिगचा वैमानिक बराचसा आंधळा. त्याचं रडार आणि आर-२७ क्षेपणास्त्र यांची जोडी अशी की लक्ष्यावर आदळेपर्यंत रडार त्याच्यावर रोखून ठेवावं लागे, तर अमेरिकेकडे १९९१ पासून अॅमरॅम क्षेपणास्त्र आलं होतं, जे शेवटच्या टप्प्यात स्वतःच्या रडारने लक्ष्य शोधतं. जर्मन मिग वैमानिकांसमोरचा खरा प्रश्न डॉगफाइट, म्हणजे जवळची हवाई लढाई, कशी जिंकायची हा नव्हताच. डॉगफाइटपर्यंत जिवंत कसं पोचायचं हा होता.

नाटोने काय केलं

१९८० च्या दशकात नाटो देशांत ठरलं होतं की लांबचं क्षेपणास्त्र अमेरिका बनवेल आणि जवळचं ब्रिटन व जर्मनी मिळून. त्या जवळच्या क्षेपणास्त्राच्या, म्हणजे अॅसरॅमच्या, प्रकल्पातून जर्मनी बाहेर पडला. त्यात भर वेगावर आणि पल्ल्यावर होता. आर-७३ हातात घेऊन तपासल्यावर जर्मनांना चपळाईचं मोल कळलं. त्यातून जर्मनीच्या पुढाकाराने आयरिस-टी आलं, झोत वळवणारं, विमानाच्या बाजूला आणि जवळपास मागेही मारू शकणारं. २००५ च्या अखेरीस ते सेवेत दाखल झालं. अमेरिकेने २००३ मध्ये एआयएम-९एक्स आणलं, नव्या हेल्मेटसह, ज्यात वर्तुळाबरोबर वेग, उंची आणि लक्ष्याची माहितीही डोळ्यासमोर येते. इस्राएलने तर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच पायथन-४ आणि डॅश हेल्मेटची जोडी उभी केली होती.

पाश्चात्त्यांनी मिग-२९ ला उत्तर म्हणून जास्त वळणारं विमान घाईघाईने बनवलं नाही. होत्या त्याच विमानांवर नवं क्षेपणास्त्र आणि नवं हेल्मेट चढवलं आणि रशियाची आघाडी दहाएक वर्षांत भरून काढली. कळीचा मुद्दा विमानाचा सांगाडा असता तर हे जमलं नसतं.

युद्धातला मिग आणि लागेचा मिग

पाश्चात्त्य बाजूचे लोक लगेच १९९१ आणि १९९९ काढतात. त्यांचंही ऐकून घ्यायला हवं. १९ जानेवारी १९९१ रोजी इराकवर सीझर रॉड्रिग्ज आणि क्रेग अंडरहिल यांची एफ-१५ विमानं दोन मिग-२९ ना भिडली. पहिलं अंडरहिल यांनी स्पॅरो क्षेपणास्त्राने पाडलं. दुसरं रॉड्रिग्ज यांच्याशी वळणाच्या लढाईत गुंतलं, दोघं गोल फिरत खाली खाली येत गेले, आणि इराकी वैमानिकाने उलटं होऊन खाली झेपावत निसटायचा प्रयत्न केला. तेवढी उंची उरली नव्हती. मिग वाळवंटात आदळलं, रॉड्रिग्ज यांना एकही गोळी झाडावी लागली नाही. १९९९ मध्ये कोसोव्होच्या मोहिमेत युगोस्लाव्हियाची मिग-२९ विमानं हवाई लढाईत पडली ती अॅमरॅमने, लांबून. त्यांतलं एक पहिल्याच रात्री, २४ मार्चला, नेदरलँड्सच्या एफ-१६ ने पाडलं. डोक्यावरचं ते वर्तुळ शत्रूवर धरायची वेळच त्यांच्यावर आली नाही.

पण यावरून ‘मिग-२९ डॉगफाइटमध्ये कमकुवत’ असं म्हणणं चूक आहे. त्या वैमानिकांकडे सराव कमी, सुटे भाग कमी, जमिनीवरून मार्गदर्शन जवळपास नाही, आणि समोर अवॅक्सच्या, म्हणजे उडत्या रडार विमानांच्या, डोळ्यांनी पाहणारं हवाई दल. तिथे यंत्राची परीक्षा झाली नाही, व्यवस्थेची झाली. लागेत यंत्राची झाली, कारण ते यंत्र नाटोच्या व्यवस्थेत आणून बसवलं होतं.

आपल्याकडे हे विमान जर्मनांच्याही आधी आलं. १९८७ मध्ये पुण्याच्या लोहगाव तळावर २८ आणि ४७ क्रमांकाच्या स्क्वाड्रननी मिग-२९ घेतलं, आणि त्याची ओव्हरहॉल नाशिकजवळच्या ओझरच्या ११ बेस रिपेअर डेपोत होते. पण या प्रकरणाचा धडा मला आपल्या तेजसमध्ये जास्त ठळक दिसतो. २५ ऑक्टोबर २००७ रोजी गोव्याच्या किनाऱ्यालगत तेजसवरून पहिल्यांदा क्षेपणास्त्र डागलं गेलं ते आर-७३. विमानाचं इंजिन अमेरिकी, वैमानिकाचं डॅश हेल्मेट इस्राएली, क्षेपणास्त्र रशियन. २०२१ मध्ये त्याच गोव्याच्या आकाशात त्यावर पायथन-५ चीही चाचणी झाली. लागेत जी तीन गोष्टींची जोडणी निर्णायक ठरली, ती कोणत्या देशाचे भाग घेऊन करायची हे इथे गरजेप्रमाणे ठरलं.

राहता राहिली जर्मनीची ती विमानं. एक १९९६ मध्ये अपघातात गेलं, एक जर्मनीतच जपून ठेवलं गेलं, आणि उरलेली २२ जर्मनीने २००३ मध्ये पोलंडला प्रत्येकी एक युरो या नाममात्र किमतीला दिली. २०२३ मध्ये त्यांतली काही युक्रेनला पाठवायला जर्मनीने पोलंडला परवानगी दिली. पुढच्या वर्षी युक्रेनकडे एफ-१६ ही आली. आज तिथे ही दोन्ही विमानं एकाच हवाई दलात, एकाच बाजूने लढत आहेत, आणि समोरच्या रशियन सुखोईंवर आर-७३ ची नवी पिढी टांगलेली आहे. दोन्हीकडे हेल्मेट आणि दोन्हीकडे बाजूला मारणारं क्षेपणास्त्र असताना मर्जपर्यंत जाणं म्हणजे दोघांनीही पडण्याचा धोका पत्करणं, त्यामुळे तिथले वैमानिक शक्य तोवर मर्ज टाळतात आणि लांबूनच मारा करतात.